पुढचा ब्रेक तापल्यावर पकडतो? कॅलिपर विकत घेण्याआधी लिव्हर सोडवून बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. गाडी २००९ ची, दीडशे सीसीची, पुढे डिस्क आणि मागे ड्रम. ती गुहागरला गावच्या घरी असते आणि जूनपासून गणपतीपर्यंत पडवीत उभी असते. बाहेर काढली की पहिले आठ-दहा किलोमीटर नीट चालते. मग पुढच्या ब्रेकचा लिव्हर हळूहळू कडक होत जातो, चाक पकडतं आणि जळका वास येतो. अर्धा तास थांबलं की सगळं सुटतं. पॅड बदलले, ऑइल बदललं, पण पंधरा दिवसांत पुन्हा तेच. आता मेकॅनिक अख्खा कॅलिपर, म्हणजे पॅडने डिस्कला चिमटीत धरणारा भाग, बदला म्हणतोय, तर बदलावा का?

आत्ता तरी नको. कॅलिपर खराब असेलही. खाऱ्या हवेत सोळा-सतरा वर्षं काढलेला कॅलिपर ठणठणीत असण्याची शक्यता कमीच. पण तुम्ही सांगितलेली एक खूण नुसत्या कॅलिपरकडे बोट दाखवत नाही, ती म्हणजे लिव्हर कडक होणं.

कॅलिपरचा पिस्टन अडकला की पॅड डिस्कला घासत राहतो, डिस्क तापते आणि ती उष्णता पिस्टनमधून ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. तापलेलं ऑइल फुगतं. लिव्हर सोडलेला असताना या फुगलेल्या ऑइलला वर टाकीत परत जायला वाट ठेवलेली असते. मास्टर सिलिंडर म्हणजे हँडलवरचा, लिव्हर दाबल्यावर ऑइल खाली ढकलणारा भाग. त्याच्या टाकीच्या तळाशी दोन भोकं असतात, एक चांगलं मोठं आणि दुसरं सुईच्या टोकाएवढं. हे बारीक भोक म्हणजेच परतीची वाट. ती मोकळी असेल तर कॅलिपर कितीही घासला तरी लिव्हर कडक होत नाही. चाक जड होईल, वास येईल, ॲव्हरेज पडेल, पण हाताला लिव्हर नेहमीसारखाच लागेल. तुमचा लिव्हर दगडासारखा होतोय, म्हणजे दाब आत कोंडला जातोय. ऑइल फुगतं, पॅड आणखी आवळतात, डिस्क आणखी तापते, ऑइल आणखी फुगतं. गाडी थांबली की ऑइल आकसतं आणि चाक सुटतं. नुसता कॅलिपर नवीन टाकलात तर काही दिवस बरं वाटेल, पण कोंडलेली वाट कोंडलेलीच राहील.

म्हणून आधी दाब नेमका कुठे अडकतोय ते शोधायचं. यासाठी चाक पकडलेल्या अवस्थेतच तपासणी करावी लागते. गाडी मेन स्टँडवर घ्या, इंजिनखाली लाकडाचा ठोकळा देऊन पुढचं चाक अधांतरी करा आणि लिव्हर पंधरा-वीस वेळा जोरात दाबून सोडा. परतीची वाट बंद असेल तर बऱ्याचदा थंड गाडीतही एवढ्याने चाक पकडतं. नाही पकडलं तर गाडी चालवून आणा, पण घाटात किंवा हायवेवर नाही, वाडीतल्या मोकळ्या रस्त्यावर.

चाक पकडलं की वरून खाली या. पहिल्यांदा लिव्हरच्या खिळीचा नट काढून खीळ उपसा आणि लिव्हर बाहेर घ्या. लिव्हर निघताक्षणी चाक सुटलं तर दोष लिव्हरचाच आहे, तो मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला सतत किंचित दाबून ठेवत होता. सुटलं नाही तर मास्टर सिलिंडरवरचा होजचा (कॅलिपरकडे ऑइल नेणाऱ्या रबरी नळीचा) बोल्ट, ज्याला बँजो बोल्ट म्हणतात, फडकं गुंडाळून अर्धा आटा सैल करा. ऑइलचे दोन थेंब आले आणि चाक सुटलं, तर दोष मास्टर सिलिंडरमध्ये. वरचा बोल्ट सैल करूनही चाक घट्टच राहिलं, तर तो बोल्ट आवळा आणि खाली कॅलिपरचं निपल, म्हणजे ऑइल आणि हवा बाहेर काढायचा छोटा पोकळ स्क्रू, सोडा. आता सुटलं तर होज आतून बंद झालाय. निपल उघडूनही चाक घट्ट असेल तर दाबाचा प्रश्न नाही, कॅलिपर किंवा त्याच्या सरकत्या पिना जाम आहेत. निपल उघडल्यावर चाक अर्धवट सुटलं, तर दोन्हीकडे काम आहे. किनाऱ्यावरच्या जुन्या गाड्यांत हा शेवटचा प्रकार फार दिसतो.

हे करताना दोन गोष्टी सांभाळा. तापलेल्या ब्रेकचं निपल लगेच उघडू नका, गरम ऑइल अंगावर उडतं; थोडं निवू द्या, पण चाक सुटेपर्यंत थांबू नका. आणि ब्रेक ऑइल रंग खातं, त्यामुळे टाकी आणि मडगार्डवर ओलं फडकं टाका आणि थेंब पडलाच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा. निपल गंजलेलं असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी ८ नंबरचा रिंग पाना किंवा बॉक्स लावा. फिक्स पान्याने कोपरे गोल होतात. निपल आत तुटलं तर साध्या साफसफाईचं काम लेथवाल्याकडे जातं, म्हणून ते हलतच नसेल तर हट्ट करू नका. त्याऐवजी कॅलिपरवरचा होजचा बोल्ट सैल केला तरी तपासणीपुरतं तेच उत्तर मिळतं.

आता एकेका दोषाकडे वळू. लिव्हरचा दोष सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. लिव्हर सोडलेला असताना त्याच्यात आणि मास्टर सिलिंडरच्या पिस्टनमध्ये केसभर तरी मोकळीक हवी. लिव्हरच्या टोकाशी ती दोन-तीन मिलिमीटर जाणवते. गाडी कधी पडून लिव्हर बदलला असेल आणि बाजारातला हलका लिव्हर बसवला असेल, तर त्याची पिस्टनला टेकणारी जीभ जाड असू शकते. पिस्टन अर्धा मिलिमीटर आत राहिला तरी त्याचं रबर बरोबर त्या बारीक भोकावर येऊन बसतं. खिळीला गंज चढून लिव्हर परतताना अडखळत असेल तरी तेच होतं. खीळ काढा, पॉलिश पेपरने साफ करा, पातळ ग्रीस लावा, आणि नट इतकाच आवळा की लिव्हर स्वतःहून परत येईल. ब्रेक लाइटचा स्विच अडकून लिव्हरला रोखत नाही ना, तेही बघा.

मास्टर सिलिंडर तपासायला टाकीचं झाकण उघडा. स्क्रू बहुधा चिकटलेले असतात. बरोबर मापाचा स्क्रूड्रायव्हर लावून त्याच्या मुठीवर हातोडीने दोन हलके ठोके द्या आणि मग फिरवा, डोकी झिजणार नाहीत. चष्मा लावा, टाकीभोवती फडकं ठेवा आणि लिव्हर अगदी सावकाश थोडासा दाबा. बारीक भोक मोकळं असेल तर लिव्हरच्या पहिल्या हालचालीलाच ऑइलच्या पृष्ठभागावर छोटी उसळी दिसते. काही गाड्यांत भोकावर पत्र्याची छोटी टोपी असते, तेव्हा उसळीऐवजी नुसती लहर दिसेल. काहीच हललं नाही तर भोक बुजलंय, किंवा पिस्टन पूर्ण परत येत नसल्याने रबर त्यावर बसलंय.

झाकण उघडलंच आहे तर ऑइलचा रंगही बघा. ताजं डॉट ४ (ब्रेक ऑइलची एक ग्रेड) फिकट पिवळं असतं. ते चहासारखं काळपट असेल आणि तळाशी गाळ असेल तर तुमचं ऑइल ‘बदललं’ म्हणजे फक्त वरून टाकीतलं काढून नवीन ओतलं. कॅलिपरच्या तळाशी जुनंच आहे. टाकी काठोकाठ भरलेली असेल तर आणखी एक कारण सापडलं. नवीन पॅड जाड असतात, ते बसवताना पिस्टन मागे रेटला की खालचं ऑइल वर येतं, आणि त्यात वरून भर घातली तर फुगायला जागाच उरत नाही. पातळी ‘अपर’ खुणेच्या वर कधीच नको.

मास्टर सिलिंडर उघडायचं ठरलं तर त्याचं किट आणून ठेवा: पिस्टन, स्प्रिंग, दोन रबरं, धूळ अडवणारं रबरी बूट आणि सर्कलिप (पिस्टनला जागेवर अडवून धरणारी कडी). खाऱ्या हवेत आधी सडते ती सर्कलिप, कारण लिव्हरच्या बाजूच्या बुटात पाणी आणि मीठ साठून राहतं. तिथेच ॲल्युमिनियमला पांढरा खार चढतो आणि पिस्टनची परतीची वाट तोकडी होते. रबराची बाहेर पसरलेली कड कोणत्या बाजूला होती ते काढतानाच फोटो घेऊन ठेवा. सिलिंडर आतून ताज्या ब्रेक ऑइलने धुवा. बोट फिरवल्यावर खड्डे किंवा ओरखडे लागले तर किट टाकून उपयोग नाही, तिथे मात्र अख्खा मास्टर सिलिंडरच घ्यावा. बारीक भोकात तांब्याच्या वायरची एक तार घाला आणि हलक्या हाताने मोकळं करा. ड्रिल अजिबात नको. भोक मोठं झालं किंवा आत कड उठली की रबर दर वेळी तिथे कापलं जातं.

धुण्यासाठी पेट्रोल, डिझेल वापरू नका हे ठळकपणे सांगतो, कारण गॅरेजमध्ये हा प्रकार सर्रास चालतो. ब्रेकची रबरं ग्लायकॉलच्या ऑइलसाठी बनवलेली असतात. पेट्रोल, डिझेल, इंजिन ऑइल किंवा साधं पिवळं ग्रीस लागलं की ती फुगतात, आणि फुगलेलं रबर थेट त्या बारीक भोकावर चढतं. चुकून कोणी टाकीत इंजिन ऑइल घातलं असेल तर होजसकट सगळी रबरं बदलावी लागतात.

होजबद्दल वाद नको, बदलून टाका. उदाहरणार्थ, यामाहाच्या पुस्तिका ब्रेक ऑइल दर २ वर्षांनी आणि होज दर ४ वर्षांनी बदलायला सांगतात. तुमचा होज गाडीबरोबर आलेला असेल तर तो बाहेरून कितीही चांगला दिसो, आतलं अस्तर सुजलेलं असण्याची शक्यता मोठी. असा होज हाताच्या जोराने ऑइल खाली जाऊ देतो, पण परत येऊ देत नाही. बँजो बोल्टचे तांब्याचे किंवा ॲल्युमिनियमचे वॉशर प्रत्येक वेळी नवीन टाका, एका बोल्टला दोन.

आता कॅलिपर. दोन पिनांवर सरकणारा कॅलिपर असेल तर आधी पिना बघा. पिस्टन एकाच बाजूला असतो आणि दुसऱ्या बाजूचा पॅड ओढला जातो तो कॅलिपर सरकल्यामुळे. पिना सुकल्या की एक पॅड झिजून जातो आणि दुसरा जवळपास नवीन राहतो. जुने पॅड टाकले नसतील तर शेजारी शेजारी ठेवून बघा, बरंच कळेल. पिना काढून गंज उतरवा, ज्या भोकात त्या जातात तीही साफ करा, फाटलेली रबरी बुटं बदला आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा. पॅड काढलेला कॅलिपर एका हाताने पुढे-मागे सरकला पाहिजे. तुमच्या मॉडेलचा कॅलिपर दोन्ही बाजूंनी पिस्टन असलेला घट्ट बसणारा असेल तर या पिना नसतील, मग सगळं लक्ष पिस्टनकडे.

पिस्टन परत ओढायला कॅलिपरमध्ये स्प्रिंग नसते, हे अनेकांच्या ध्यानात नसतं. तो मागे येतो सीलमुळे. चौकोनी छेदाचं हे सील सिलिंडरच्या भिंतीतल्या खाचेत बसलेलं असतं. ब्रेक दाबला की पिस्टनबरोबर ते जरासं पिळलं जातं, आणि सोडला की पीळ उलगडताना पिस्टनला केसभर मागे घेतं. एवढ्या केसभर अंतरावर चाक मोकळं फिरतं. आपल्याकडे या खाचेतच खरा घात होतो. खारं पाणी धुळीच्या सीलखालून शिरतं, ॲल्युमिनियमवर पांढरा, टणक थर तयार होतो आणि तो मागून सीलला ढकलत राहतो. मग सील पिस्टनला आवळून धरतं, परत घेत नाही. नवीन सील आणून घाण खाचेत बसवलं तर ते आणखी आवळतं. म्हणून किट टाकूनही फरक पडला नाही अशी तक्रार येते, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारतो तो खाच खरवडली का हा.

पॅड बदलल्यावर पंधरा दिवसांत त्रास का परतला, त्याचं उत्तरही इथेच आहे. पॅड झिजत गेले तसा पिस्टन बाहेर येत गेला आणि त्याचा बाहेरचा भाग मीठ, धूळ आणि जांभ्याचा तांबडा चिकटा खात राहिला. नवीन जाड पॅड बसवायला तोच गंजलेला भाग सीलच्या आत रेटला गेला. पॅड बदलताना आधी पिस्टनची बाहेरची बाजू जुना टूथब्रश आणि ब्रेक ऑइलने घासून घ्यायची आणि मगच तो मागे ढकलायचा, हा दोन मिनिटांचा नियम पाळला तर बरेच कॅलिपर वाचतात.

पिस्टन काढताना होज आधी सोडू नका. पॅड काढा, समोर लाकडाची पट्टी धरा आणि लिव्हरनेच पंप करत पिस्टन बाहेर आणा. हायड्रॉलिक दाब सगळ्यात सुरक्षित. कंप्रेसरच्या हवेने पिस्टन गोळीसारखा सुटतो, बोट मध्ये असेल तर मोडतं. पक्कड लावून पिस्टनचा बाहेरचा गुळगुळीत भाग पकडू नका, एक ओरखडासुद्धा गळतीला पुरतो. दोन पिस्टन असतील तर आधी येणाऱ्याला क्लँपने थोपवा, म्हणजे दुसराही निघेल.

सील लाकडी किंवा प्लास्टिकच्या काडीने उचला. खाच साफ करायला बांबूची टोकदार काडी आणि बारीक पितळी ब्रश घ्या. थर फारच टणक असेल तर सायकलच्या स्पोकचं टोक वाकवून खाचेच्या तळावरून आणि कोपऱ्यांतून सावकाश फिरवा, सिलिंडरच्या भिंतीला न लागू देता. या कामाला तासभर लागला तरी लागू द्या. पिस्टनवर सील जिथे घासतं त्या पट्ट्यात खड्डे असतील तर पिस्टन नवीन. फक्त बाहेरच्या टोकाला डाग असतील तर चालतो. नवीन सील ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून बसवा. दाबाचं आणि धुळीचं सील वेगवेगळं असतं, अदलाबदल करू नका. परीक्षा एकच: पिस्टन सरळ धरून अंगठ्याच्या दाबाने आत गेला पाहिजे. हातोडी किंवा क्लँप लागत असेल तर खाच अजून साफ झालेली नाही, पुन्हा उघडा.

कॅलिपर खरोखर बदलावा तो निपल आत तुटलं असेल, खाचेची कड खाल्ली गेली असेल, पिनांची भोकं ढिली झाली असतील किंवा बोल्टचे आटे गेले असतील तेव्हा. तेव्हा पैसे वाचवू नका. पण हे सगळं कॅलिपर उघडल्यावरच कळतं, म्हणून आधी चिपळूणहून मास्टर सिलिंडर आणि कॅलिपर, दोन्हींची किटं आणि होज मागवा, कॅलिपर नंतर बघू.

ऑइल झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच घ्या, बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४. डॉट ५ हे सिलिकॉनचं, वेगळ्या जातीचं. ते यात मिसळायचं नाही. पुढच्या ब्रेकला धुऊन भरायला २०० मि.ली. भरपूर होतं. बाटली सीलबंद हवी, कारण हे ऑइल हवेतलं पाणी शोषतं. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी मुरलेल्याचा मानकाप्रमाणे १५५ पर्यंत उतरलेला चालतो, आणि पाणी जास्त मुरलं की त्याच्याही खाली. तुम्ही कुंभार्ली घाट उतरणार असाल तर हा फरक जिवाचा आहे. ऑइल उकळलं की पाइपमध्ये वाफ होते आणि लिव्हर थेट मुठीला टेकतो. गेल्या वर्षीची अर्धी उघडी बाटली, तीही आपल्या दमट हवेत ठेवलेली, फेकून द्या.

एअर, म्हणजे ऑइलमध्ये अडकलेली हवा, काढताना निपलला पारदर्शक नळी लावा आणि तिचं टोक थोडं ऑइल असलेल्या बाटलीत बुडवा. लिव्हर दाबून धरा, निपल पाव आटा उघडा, बंद करा, मगच लिव्हर सोडा. टाकी रिकामी होऊ देऊ नका. बुडबुडे थांबले आणि रंग फिकट झाला की पुरे. निपल आवळताना जोर लावू नका, त्याला ६ न्यूटन-मीटरच्या आसपास पुरतं. बँजो बोल्टला साधारण २५ ते ३०, आणि नेमका आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेतला धरा. निपलवर रबरी टोपी परत चढवा, ती नसली की पुढच्या पावसाळ्यात निपल पुन्हा गंजतं.

मग चाक उचलून फिरवा, लिव्हर जोरात दाबून सोडा आणि पुन्हा फिरवा. डिस्क ब्रेकला अगदी हलकी घासण राहतेच, पण चाकाने हाताच्या एका झटक्याला दोन-तीन फेरे मारले पाहिजेत. त्यानंतर पुढचा ब्रेक न वापरता दोन-तीन किलोमीटर जाऊन या आणि डिस्कवर बोटाने पाण्याचे चार थेंब शिंपडा. चर्र आवाज झाला तर अजून घासतंय. हात लावून बघू नका. हे जमलं की ब्रेक वापरत दहा-बारा किलोमीटरची फेरी मारा, कारण तुमचा दोष तापल्यावरच दिसतो.

हे काम होईपर्यंत गाडी लांब नेऊ नका. पुढचं चाक ओल्या रस्त्यावर अचानक जाम झालं तर सावरायला वेळ मिळत नाही. वाटेत पकडलंच तर थांबा आणि निवू द्या. तापलेल्या डिस्कवर बाटलीभर पाणी ओतू नका, ती वाकडी होऊ शकते. मग मागच्या ब्रेकवर, सावकाश, जवळच्या गॅरेजपर्यंत.

जूनमध्ये गाडी ठेवताना गोड्या पाण्याने धुवा, पण प्रेशरचा फवारा थेट कॅलिपरवर मारू नका. धुतल्यावर दोन-चार किलोमीटर चालवून, ब्रेक लावत डिस्क आणि पॅड सुकवा आणि मगच पडवीत घ्या. प्लॅस्टिक गुंडाळू नका, आत दमटपणा कोंडतो. जुनी चादर बरी. चेसिसला गंज लागू नये म्हणून काही जण ऑइल किंवा डिझेल मारून ठेवतात, तेव्हा डिस्क आणि कॅलिपर झाकून घ्या. घरी जे कोणी असतील त्यांना पंधरा दिवसांतून एकदा चाक फिरवून लिव्हर आठ-दहा वेळा दाबायला सांगा. गाडी सुरू करायचीही गरज नाही, पिस्टन जागचा हलला म्हणजे झालं.

लिव्हर काढल्यावर, वरचा बोल्ट सोडल्यावर की निपलपाशी, चाक नेमकं कुठे सुटलं तेवढं कळवा आणि कॅलिपर एक पिस्टनचा आहे की दोन, तेही लिहा. पुढचं नेमकं सांगता येईल.